तलावाच्या काठावरचे नाना

"मास्तर, आज सकाळी किती वेळा?"

आमच्या शेजारच्या नानांनी जळगावच्या जलतरण तलावाच्या दारात, वीसेक लोकांसमोर मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मला वाटलं सूर्यनमस्कारांची चौकशी चाललीय. मी छाती काढून म्हणालो, "बारा."

नाना दोन पावलं मागे सरले. "बारा? आणि पोहायला आलात? घरी जा, मीठ-साखरेचं पाणी प्या आणि पडून राहा!"

त्या दिवसापासून मी ओळखून आहे, की लोकांचा रामराम तोंडापासून सुरू होतो, नानांचा पोटापासून. त्यांची सगळी नोकरी धुळ्याला पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त होऊन इकडे आले ते रोज सकाळी तलावावर हजर. खिशातून काचेची नळी काढायची, पाणी भरायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी उन्हात धरून रंग बघायचा. मग मान हलवत आपल्या अहिराणी ढंगात म्हणायचं, "पाणी दिसायला साधं शे, मास्तर."

एकदा मी सहज म्हणालो, "आज क्लोरीनचा वास झकास येतोय. पाणी स्वच्छ दिसतंय."

नानांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "चांगल्या पाण्याला असा वास येत नाही. क्लोरीन आणि माणसांची लघवी यांची गाठ पडली की हा वास सुटतो. घाम, मळ, बठ्ठं, सगळं त्यातच."

मी हादरलो. पंधरा वर्षं हाच वास मी ताजी हवा समजून छातीत भरून घेत होतो! पुढचे तीन दिवस म्हशीसारखं डोकं पाण्याबाहेर काढून पोहलो. तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या टबात बसायची तर सोयच राहिली नाही. त्याला नाना 'जंतूंचं माहेर' म्हणत.

मे महिन्यातली गोष्ट. तलाव गच्च भरलेला आणि कोणाला तरी पाण्यातच जुलाब झाला. कोणाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. व्यवस्थापकाने सगळ्यांना बाहेर काढलं, जाळीने दिसेल ते उचललं, क्लोरीनची पावडर ओतली आणि तासाभराने शिट्टी मारली, "चला, उतरा!"

नाना शिडीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "कोणी उतरायचं नाही! काही जंतू क्लोरीनमध्येसुद्धा आठवडाभर जिवंत राहतात. एक घोट पोटात गेला तरी पुरे शे!"

"नाना, तुम्हाला पोहायचं नाही, काही नाही," व्यवस्थापक चिडला. "मग रोज येता कशाला? लोकांना घाबरवायला?"

लोक हसले. नाना हात खाली घेऊन बाजूला झाले. मलाच शेजारी म्हणून लाज वाटली आणि ती झाकायला मी पहिली उडी मारली. उडी चुकली. चांगले दोन घोट पाणी पोटात गेलं.

सहाव्या दिवशी पोटात कळ आली. त्यानंतर जे सुरू झालं, त्याचा आकडा बाराच्या पुष्कळ पुढे होता. दवाखान्यात गेलो, तर बाकांवर आमचा अख्खा सकाळचा गट! कोणी मान वर करेना. डॉक्टरांनी नाडी धरायच्या आधी विचारलं, "तुम्हीही पोहायला जाता का?"  घरच्यांसमोर 'उन्हाळा बाधला' म्हणत होतो आणि मी नेमकं काय गिळलं होतं ते आता लख्ख कळलं होतं.

संध्याकाळी नाना क्षारसंजीवनीची पाकिटं घेऊन आले. 'मी सांगत होतो' हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. फक्त जाताना म्हणाले, "जुलाब थांबले तरी दोन आठवडे पाण्यात पाय घालू नका. अंगातून जंतू जात राहतात. आता दुसऱ्यांना तुमच्यापासून जपायचं."

बरा झाल्यावर आभार मानायला त्यांच्या घरी गेलो. नाना बाजारात गेले होते. दार उघडायला वेळ लागला. काठी टेकत एक म्हातारी आली. त्यांची थोरली बहीण, अक्का. भडगावहून गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेली, ते झाल्यावर इथेच राहिलेली. शेजारी असून मला तिचा पत्ता नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, पाण्यात चाललं तर पाय मोकळे होतील," अक्का म्हणाली. "पण मी मोठ्या आजारातून उठलेली. नाना म्हणतो, पाणी चोख झाल्याशिवाय तुला नेणार नाही. रोज सकाळी बघून येतो. आल्यावर म्हणतो, अक्का, आज नही." ती हसली. "आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मीच वाढवला. आता तो मला वाढवतोय."



आम्हा आजाऱ्यांच्या तक्रारींनी तलाव बंद झाला. गाळणी साफ झाली, पाणी बदललं, अंघोळीशिवाय कोणाला आत सोडायचं नाही असा नियम झाला. माझे दोन आठवडे संपल्यावर मी पुन्हा जायला लागलो, आणि एका सकाळी नाना अक्काला घेऊन आले.

उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून दोघं हळूहळू उतरली. कंबरभर पाण्यात अक्का दहा पावलं चालली, मग वीस. तिचा चेहरा उजळला. गिरणा नदीच्या डोहात पोहलेली बाई ती!

"नाना, आते सोड मना हात," ती म्हणाली.

 एका हाताने नानांनी काठाचा दांडा घट्ट पकडला होता.

"सोडू कसा, अक्का? माले पोहता येत नही."

अक्काने त्यांचा हात आणखी जवळ ओढून घेतला. "मंग चाल मनासंगे," ती म्हणाली, आणि पासष्ट वर्षांच्या धाकट्या भावाला सांभाळत पलीकडच्या काठाकडे निघाली.