नकाशातली खाच

आमच्या खालच्या मजल्यावरचे दळवी उभ्याने टीव्ही पाहतात, आणि मधूनच पडद्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवतात. नकाशा आला की रिमोटने चित्र थांबवायचं, कागदाच्या चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावायची आणि मऊ पेन्सिलीने हद्दीची रेघ गिरवून घ्यायची. मग तो कागद जेवणाच्या टेबलावर नेऊन जुन्या नकाशाशी ताडून पाहायचा. त्या टेबलावर जेवण मी कधी पाहिलेलं नाही. दळवी ओट्यापाशीच जेवतात.

दळवी (हे त्यांचं खरं आडनाव नव्हे) सरकारी नोकरीत चौतीस वर्षं जंगलांचे नकाशे काढत होते. निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीत राहायला आले. एकटेच. आज वय एक्याऐंशी.

चूक त्यांना सहन होत नाही. कुणाचीही. सोसायटीच्या फलकावर 'पाणी सकाळी ७ ते ८' असं लिहिलेलं असताना पाणी उशिरा आलं, की त्याखाली लाल शाईत 'सात वाजून दहा मिनिटे' अशी नोंद होते, तारीख आणि सहीसकट. पार्किंगच्या रेषा नव्याने आखल्या तेव्हा त्यांनी टेप घेऊन सगळ्या तपासल्या. सगळ्या गाड्यांमध्ये एकच रेषेबाहेर निघाली: त्यांची स्वतःची स्कूटर, नऊ इंच. त्यांनी सेक्रेटरी बोरकरांकडे स्वतःविरुद्ध तक्रारअर्ज दिला.

"अहो, मग स्कूटर आत घ्या की," बोरकर म्हणाले.

"घेतली. पण अर्ज त्याआधीचा आहे. त्याची पोच द्या."

गेल्या वर्षी टीव्हीवर राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासावरची आठ भागांची मालिका लागली, मराठी निवेदनासह. दर रविवारी सकाळी अकराला एक भाग. आमचा टीव्ही तेव्हा बिघडलेला होता म्हणून मी पहिल्या रविवारी खाली गेलो, आणि मग जातच राहिलो. बोरकरही येऊ लागले. ते वाघ पाहायला येत. पडद्यावर वाघ चालू लागला की दळवी विचारत, "हा उद्यानाच्या कुठल्या अंगाला आहे? पूर्वेला की पश्चिमेला?"

"वाघ आहे हो तो. त्याला कसली दिशा?"

"त्याला असते. या लोकांना नाही."

प्रत्येक भागानंतर सोमवारी सकाळी ते मालिका काढणाऱ्यांना पत्र पाठवत. पोस्टाने, कारण ईमेलवर शिक्का नसतो. शेवटचं वाक्य ठरलेलं: 'तरी दुरुस्ती व्हावी.' पहिल्या भागात एक नदी उलटी वाहत होती. दुसऱ्यात सांबराला चितळ म्हटलं होतं. तिसऱ्यातल्या नकाशावर प्रमाणच दिलेलं नव्हतं. ते पत्र चार पानी झालं. सहा भाग, सहा पत्रं. उत्तर एकालाही आलं नाही.

"वाचत असतील का?" मी एकदा विचारलं.

"वाचतात. न वाचता माणूस इतका गप्प बसत नाही."

सातव्या भागात त्यांचं उद्यान होतं. म्हणजे, ज्याची हद्द चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः काढली होती ते. उद्यानाचं नाव इथे देत नाही. कारण पुढे येईल. त्या रविवारी दळवींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ट्रेसिंग पेपर मापाने कापून तयार होता. बोरकरांनी बर्फी आणली होती.

साडेअकराच्या सुमारास नकाशा आला. उद्यानाची पूर्वेची रेघ डोंगराच्या धारेवरून सरळ खाली येत होती, एका ठिकाणी आत वळत होती आणि थोडं खाली जाऊन पुन्हा धारेला मिळत होती. त्या खाचेभोवती पडद्यावर लाल वर्तुळ उमटलं. निवेदक म्हणाला, ही नकाशा काढणाऱ्याची चूक. धारेऐवजी त्याने आतला ओढा धरला, आणि ती चूक आजतागायत तशीच राहिली आहे.

दळवींनी चित्र थांबवलं नाही. कागदही लावला नाही.

"अहो, तुम्हाला म्हणतोय तो!" बोरकर उठून उभे राहिले. "उद्या पत्र टाका. सोसायटीतर्फे मी सही करतो."

"नको."

"नको काय? धार सोडून ओढा धराल तुम्ही?"

"धरला. चूक झाली."

बोरकर खाली बसले. बर्फी तशीच राहिली.

सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. लिफ्टमध्ये लोक विचारू लागले, "काय दळवी, आज धार की ओढा?" दळवी "ओढा" म्हणत आणि आपल्या मजल्यावर उतरत. मंगळवारी फलकावर कुणीतरी लाल शाईत लिहिलं, 'चुका सर्वांच्याच होतात.' त्याखाली ना तारीख होती ना सही. दळवींनी ते वाचलं आणि पुढे गेले.

मी पंचवीस वर्षं बातमीदारी केली आहे. सहा चुकांवर पत्रं लिहिणारा माणूस सातव्या वेळी गप्प का बसतो, हा साधा प्रश्न होता. बुधवारी दुपारी जाऊन विचारला.

"छापणार?"

"नावगाव न देता."

त्यांनी सांगितलं ते असं. हद्द धारेवरूनच जायची ठरली होती. तशी गेली असती तर धार आणि ओढ्याच्या मधली सात घरांची वस्ती उद्यानात आली असती आणि तिथून उठली असती. मोजणीच्या पथकाबरोबर दळवी बारा दिवस त्या वस्तीत राहिले होते. निघताना एका म्हातारीने विचारलं, "सायेब, रेघ कुठनं जानार हाय?" हे म्हणाले, "अजून ठरायचंय."

"ठरलेलं होतं," दळवी मला म्हणाले. "म्हणजे मी तिच्याशी खोटं बोललो. ऑफिसात परत आल्यावर ते खरं करणं भाग होतं."

"आणि वरिष्ठांनी सही केली?"

"सही कुठे करायची, एवढंच विचारलं."

"मग आता सांगून टाका ना, चूक नव्हती म्हणून. लोक काय काय बोलतायत."

"मुद्दाम केलं म्हटलं की फाईल उघडते. चौकशी, फेरमोजणी. चूक म्हटलं की लोक हसतात आणि विसरतात. हसू देत."

मग त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलेला तो भाग पुन्हा लावला. नकाशा येऊन गेला, तो जाऊ दिला. त्यानंतर वरून घेतलेलं दृश्य होतं, दोन-तीन सेकंदांचं. ते त्यांनी थांबवलं. ओढ्याच्या पलीकडे पत्र्याची छपरं, वाळत घातलेले कपडे, भाताचा एक हिरवा तुकडा.

"मोजा," ते म्हणाले.

मी मोजली. "अकरा."

"बारा. हे झाडाआडचं धरलं नाहीत."

"तो गोठा असेल."

दळवी पडद्याजवळ गेले आणि छपराच्या वर बोट ठेवलं. तिथे एक अंधूक पांढरी रेघ होती.

"धूर आहे," ते म्हणाले. "गोठ्यात कोणी चूल पेटवत नाही."

मी पुन्हा मोजली. बारा होती.