उत्रेश्वरअण्णांची न्हाणी

आमच्या समोर राहणारे उत्रेश्वरअण्णा माणसं चेहऱ्यानं ओळखत नाहीत, मोरीनं ओळखतात. मागे एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. समोरच्या पंगतीत एक भारदस्त बाई होत्या. अंगावर पैठणी, गळ्यात ठसठशीत सोनं. मी हळूच विचारलं, "अण्णा, ह्या कोण हो?" अण्णांनी बुंदीचा घास तोंडात टाकता टाकता वर पाहिलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "त्या व्हय? शिळा भात!"

अण्णांचा धंदाच तसा आहे. तुंबलेल्या मोऱ्या पाण्याच्या जोरानं मोकळ्या करायचं मशीन त्यांच्याकडे आहे. अंबाजोगाईत ज्याची मोरी तुंबते तो पहिल्यांदा बांबूच्या कामट्या घालून बघतो, मग दुकानातून पावडर आणून ओततो, मग बायकोवर ओरडतो, आणि शेवटी अण्णांना फोन करतो. त्यामुळे कुणाच्या घरातून काय वाहून जातं, हे त्यांना तोंडपाठ आहे. एक वकील त्यांच्या लेखी 'चहापत्ती' आहेत. मेडिकल कॉलेजातले एक मोठे डॉक्टर 'दाढीचे केस' आहेत. मी 'शेवया' आहे. आयुष्यात एकदाच माझ्या हातून उरलेल्या शेवया मोरीत गेल्या, पण अण्णांच्या दरबारात अपील नाही.

ह्या मशीनचं त्यांना कोण कौतुक! टेम्पोच्या मागे पाण्याची टाकी, तिच्या पुढ्यात इंजिन आणि पंप, आणि वर वेटोळं घालून ठेवलेला लांबच लांब काळा पाईप. अण्णा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवतात, डोळ्यांवर चष्मा लावतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात आणि जमलेल्या पोराठोरांना दम देतात, "सरका बे मागं! डोळा जाईल!" मग पाईपच्या टोकाची पितळी तोटी हातात धरून तिच्यावर व्याख्यान देतात. व्याख्यान झाल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, मग घरात पाणी घोट्याइतकं का चढेना.

"हे बगा. म्होरं एक धार, मागं चार. म्होरची धार घाण फोडती. मागच्या धारा पाईपाला म्होरं ढकलत्यात. आपल्याला ढकलायचं काम न्हाई. माणसाचं बी असंच हाय. मागचे ढकलत्यात म्हणून म्होरचा चालतो."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी सण असतो. माणसं पातेली, कळश्या, पिंपं, लहान मुलांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून ठेवतात. अशा गावात हा माणूस टाकीच्या टाकी पाणी मोरीत सोडतो, म्हणून बायका त्यांच्यावर तुटून पडतात. खरं तर ते पाणी त्यांच्या स्वतःच्या बोअरचं असतं आणि इतकं मचूळ की म्हशीनंही तोंड फिरवावं. तरी एखादी म्हणतेच, "अहो अण्णा, केवढं पाणी घालवता!" त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं. "घालवत न्हाई वैनी, कामाला लावतोय."

मोरी मोकळी झाली की घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं एक बादली ओतायची, असाही त्यांचा दंडक आहे. ती बादली ओतते आणि अण्णा डोळे मिटून कान देतात. पाणी गुडगुड करत एका दमात खाली गेलं की त्यांचा चेहरा असा फुलतो, जणू त्या घरात बारसं आहे. "गळा मोकळा झाला बगा!" म्हणतात आणि मगच चहाला बसतात.

तर असा हा गावभर गडगडाट करत फिरणारा माणूस ह्या हिवाळ्याच्या तोंडाशी एकदम गप्प झाला. कारण त्यांची लेक सारिका. पोरीला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं.

आता सारिकाचं माहेर कोणतं, इथूनच प्रश्न होता. तिची आई ती लहान असतानाच गेली. अण्णा तेव्हा मिळेल ते काम करत वणवण फिरत होते, म्हणून मामा-मामींनी पोरीला शिरूर कासारला नेलं. ती तिथेच वाढली, तिचं लग्नही मामाच्या दारातूनच झालं. अण्णांच्या घरी ती यायची ती पाहुण्यासारखी, सकाळी येऊन संध्याकाळी परत. आता मामा-मामी दरसालप्रमाणे ऊसतोडीला गेले होते आणि शिरूरच्या घराला कुलूप होतं. अण्णांना वाटलं, आता तरी पोर आपल्या घरी येईल. पण घाटनांदूरहून तिच्या सासूबाईंचा, कुशावर्ताबाईंचा निरोप आला की बाईमाणूस नसलेल्या घरात बाळंतीण ठेवायची नाही.

"मी म्हणलं, सरकारी दवाखाना हाकेवर हाय," अण्णा मला सांगत होते. "तर म्हणल्या, दवाखाना मूल हातात देईल, फुडं सव्वा महिना कोण? तुमचं मशीन का?" बोलता बोलता त्यांनी ती पितळी तोटी पुसायला घेतली. आधीच लखलखीत होती ती. "एवढी येक बार लेक घरी ऱ्हावी वैनी. फुडं ती कशाला ऱ्हायला येती?"

मी म्हटलं, "विहीणबाईंना एकदा घर तर बघायला बोलवा."

कुशावर्ताबाई आल्या त्या नेमक्या नळाच्या दिवशी. दोन दिवस आधी अण्णांनी मला बजावून ठेवलं होतं, "पयल्यांदा तुमच्याकडं च्या पाजा. बाईमाणूस बाईमाणसापाशी मोकळं बसतं." बाई उंचपुऱ्या, आवाज खणखणीत, नेसून आलेली साडी नवी कोरी. रिक्षातून उतरल्या, गल्लीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पाय धुवायला पाणी?" मी त्यांना आमच्या न्हाणीत नेलं.

त्याच वेळी समोर अण्णांच्या डोक्यात आलं की विहीणबाई बघायला यायच्या आत आपल्या न्हाणीवरून एकदा शेवटचा हात फिरवावा. त्यांनी पाईप आत घातला आणि इंजिन सुरू केलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मोऱ्या एकाच चेंबरला मिळतात. आधी चेंबरचं झाकण काढायचं, मग मशीन चालू करायचं, हा नियम दुसऱ्यांना हजारदा सांगणारे अण्णा त्या दिवशी घाईत झाकणच विसरले. त्यात नळाचा दिवस. सकाळपासून गल्लीनं झाडून सगळ्या गोधड्या धुतल्या होत्या आणि त्यांचा चिंध्या-दोऱ्यांचा बोळा चेंबरच्या तोंडाशी घट्ट बसला होता. पाण्याला पुढे वाट मिळेना. मग त्याला सगळ्यांत जवळची वाट सापडली ती आमच्या न्हाणीची.

आधी जमिनीतून डरकाळी आल्यासारखा आवाज झाला. मग मोरीची जाळी उडाली आणि काळ्या पाण्याचा फवारा थेट छताला लागून कुशावर्ताबाईंच्या डोक्यावर आला. बाईंच्या हातात तांब्या तसाच होता. केसांतून फेस ओघळत होता, खांद्यावर कुणाच्या तरी गोधडीची लाल चिंधी. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

माझी किंकाळी ऐकून अण्णा बूट फदफदवत धावत आले. दारात थांबले, विहीणबाईंकडे पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मला वाटलं, संपलं. गेलं बाळंतपण घाटनांदूरला.

बाईंनी तोंडावरचं पाणी निपटलं. "इवाई," त्या म्हणाल्या, "आंगूळीला पाणी हाय का, का हेच वापरायचं?"

"हाय," अण्णा कसंबसं म्हणाले. "तापलेलं हाय."

ते खरंच होतं. बाळंतिणीपुरतं पाणी तापायला किती लाकूड लागतं, हे बघायला त्यांनी पहाटेपासून बंब पेटवून ठेवला होता. आमची न्हाणी तर आता पाय ठेवण्याच्या लायकीची उरली नव्हती. मी माझी एक सुती साडी घेतली आणि बाईंना समोर घेऊन गेले. इतक्या वर्षांत त्या घराच्या न्हाणीत मी पहिल्यांदाच डोकावत होते.

खालच्या शहाबादी फरशीला टाके मारून ती खरबरीत केली होती, पाय घसरू नये म्हणून. मधोमध रुंद पाट. उठता-बसता धरायला भिंतीत एक आडवा पाईप. खिडकीच्या फटीत कापड ठासलेलं, म्हणजे वारा लागायला नको. तेलाच्या वाटीसाठी हाताशी कोनाडा, आणि कोपऱ्यात शेगडीला जागा. बाई एकेक वस्तू हात लावून बघत होत्या.

"हे कुणी सांगितलं तुमाला?" त्यांनी बाहेर तोंड काढून विचारलं.

"गावानं," अण्णा अंगणातूनच खालच्या मानेनं म्हणाले. "मोरी काढायला गेलो की इचारायचो, बाळंतिणीला काय काय लागतं. पाट रुंद पायजे, हे शिळा भातनं सांगितलं. फरशीचं दाढीच्या केसाच्या बायकूनं. वारं लागू द्यायचं न्हाई, हे चहापत्तीच्या आईनं."

"कोण शिळा भात?" बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही आधी आंघोळ करून घ्या, नंतर सांगते.

बाई बराच वेळ आत होत्या. पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि अण्णा अंगणात इकडून तिकडे फेऱ्या घालत होते. शेवटी बाई माझी साडी नेसून, ओले केस पुसत बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. "इवाई, तुमी लई येडे हाव," त्या म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली, मान्य असल्यासारखी. "पर असली न्हाणी माझ्या घरात बी न्हाई. सातवा सरला की सुनंला धाडते. मालिश करणारी बाई मात्र मी म्हणंल तीच लावायची."

अण्णांनी डोक्याचा टॉवेल काढला आणि तोंड पुसण्याच्या निमित्तानं बराच वेळ त्यात तोंड खुपसून उभे राहिले. मग आमच्या घरी येऊन त्यांनी माझी न्हाणी घासून लख्ख केली. त्या दिवशी व्याख्यान झालं नाही.

सारिका आली. दवाखान्यातून मुलगी घेऊन घरी आली. गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी पाळीपाळीनं जात होतो, पण बंब पेटवायचं काम अण्णांनी कुणाला करू दिलं नाही.

एका सकाळी मी आळीवाची खीर घेऊन गेले. बाळ-बाळंतीण आंघोळ, धुरी आटोपून गाढ झोपल्या होत्या. अण्णा न्हाणीच्या दाराशी उकिडवे बसले होते आणि आत घोट्याइतकं पाणी साचलं होतं. हळदीचं, तेलकट पाणी, वर बेसन तरंगत होतं.

"अगबाई, तुंबली?" मी म्हटलं. "मशीन लावा की मग!"

"हळू बोला!" अण्णा पुटपुटले. ह्या माणसाला हळू बोलता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. "पोरगी आत्ता निजलीय. मशीनच्या आवाजानं उठंल."

मग बाही सारून त्यांनी मोरीच्या तोंडात हात घातला आणि एक लांब केसांचा गुंतवळ बाहेर काढला. तो तळहातावर घेऊन ते बघत राहिले.

"एकट्या माणसाची मोरी कशानं तुंबंल वैनी? एक बादली आंगूळ आन् एक कप धुयाचा. सारिकाची आई गेली तवापसून ही एकदा बी तुंबली न्हवती. गावभर लोकांच्या मोऱ्या काढायच्या, कुणाच्या घरी भात, कुणाच्या घरी केस. घरी आलं की ही आपली कोरडी."

मी आत वाकून पाहिलं. गुंतवळ निघाला तरी पाणी हललं नव्हतं.

"काढू का मी?" मी विचारलं. "कामटी घालून बघते."

"नगं," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "ऱ्हाऊ द्या जरा. तुंबलीय तर तुंबू द्या की सांजंपस्तोर."

मी खिरीचं पातेलं खाली ठेवलं, साडी वर खोचली आणि त्या तुंबलेल्या न्हाणीच्या उंबऱ्याशी त्यांच्याजवळ बसले.