मोडकांची पानगळ

फेब्रुवारी उजाडला की दुबईत, आमच्या अल कुसैसच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक सूचना लागायची: ‘पानगळ आली आहे. शुक्रवारी सकाळी सात वाजता बस. बंद बूट घालणे.’ खाली विनायक मोडक यांची सही.

वाळवंटात पानगळ कसली, असं एखादा नवा भाडेकरू विचारायचा. जुने लोक त्याला डोळ्यांनी गप्प करायचे. तरी मोडकांच्या कानावर गेलंच, तर ते त्याच्या दारात हजर. ‘कॅलेंडर काढा. माघ चालू आहे ना? म्हणजे शिशिर. आता ऋतूनं काय व्हिसासाठी मुंबईत थांबायचं?’

मोडक एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. माणूस शिडीवर चढण्याआधी त्याला पडण्याचे प्रकार समजावून सांगणं हे त्यांचं काम, आणि ते सुट्टीच्या दिवशीही थांबत नसे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तेव्हा तीर्थ घेण्याआधी त्यांनी समईजवळचा पडदा लांब सरकवला. ‘ऑब्झर्व्हेशन आहे, कम्प्लेंट नाही,’ हे त्यांचं पालुपद.

पानगळीचं ठिकाण म्हणजे शारजाच्या बाजूचं एक सरकारी निसर्गोद्यान. या मुलखात बाकी सगळं जगात सर्वांत उंच, सर्वांत मोठं किंवा सर्वांत महाग. या बिचाऱ्या उद्यानाचा कशातच पहिला नंबर नव्हता. दारावरचा फलक तेवढा राजवाड्याला शोभेल असा. उद्यान पानगळीसाठी प्रसिद्ध आहे, असं मोडक सांगत. ही प्रसिद्धी मोडकांपासून सुरू होऊन मोडकांपाशीच संपायची. पण आत, तळ्याच्या कडेनं, देशी बदामांची एक रांग होती, आणि फेब्रुवारीत तिची पानं खरोखर लाल, शेंदरी, तांबूस होत. पहिल्या वर्षी मी चेष्टा करायला म्हणून गेलो आणि तासभर पानं वेचत बसलो. बायकोला हे पानांपेक्षा मोठं आश्चर्य वाटलं.

बसमधून उतरलं की आधी भाषण, साइटवर मजुरांना देतात तसं. नारिंगी जाकीट घालून मोडक बाकावर उभे राहायचे. ‘पान स्वतःहून पडेल, ओढायचं नाही. एकच पान दोघांना आवडलं तर वयानं लहान असेल त्याचं. पोहे पलीकडच्या झाडाखाली. यल्ला, चला.’

मग मंदी आली. टॉवर अर्धवट राहिले, क्रेन तशाच उभ्या. इमारतीतली माणसं न सांगता जाऊ लागली. काल लिफ्टमध्ये हसलेला माणूस आज नसायचा. नोकरी गेली हे सांगण्यापेक्षा विमानात बसणं सोपं होतं. मोडकांची बायको आणि मुलगी अवनी पहिल्याच लाटेत नाशिकला गेल्या. आजोबांना बरं नाही, असं मोडक म्हणाले. आमची मीरा आठवडाभर त्यांचं दार वाजवून परत येत होती. पुढे मोडकांनी फ्लॅट सोडला, त्याच इमारतीत आणखी दोघांबरोबर खोली घेतली, आणि फेब्रुवारीत सूचना लावली.

मंदीच्या दुसऱ्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांची नोकरी गेली. शनिवारचं विमान होतं. त्यांच्या तन्वीला मात्र ‘आठवडाभर आजीकडे’ एवढंच सांगितलेलं. तन्वी आणि मीरा शाळेत एका बाकावर बसायच्या. सावंतांनी मला आणि मोडकांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं, त्यामुळे मीही घरी गप्प.

गुरुवारी संध्याकाळी मोडक मला बरोबर घेऊन सावंतांच्या दारात उभे राहिले.

‘उद्या सातला बस.’

‘मोडक, पॅकिंग पडलंय सगळं. आणि लोकांना काय तोंड दाखवू?’

‘लोक पानं बघायला येतायत. तुमचं तोंड कोण बघणार?’

‘तन्वीला कळलं तर रडेल हो.’

‘मग रडू दे की. इथे मीरा आहे बरोबर रडायला. तिकडे कोण आहे?’

सावंतांनी दार लावून घेतलं. ‘ऑब्झर्व्हेशन आहे,’ मोडक बंद दाराला म्हणाले.

शुक्रवारी सावंत कुटुंब आलं. तिघंही सगळ्यात मागच्या सीटवर, सावंतांना गॉगल.

उद्यानात पोचलो, तर जमीन लख्ख. कुणी बडे पाहुणे नव्या कारंज्याचं उद्घाटन करणार होते. त्यांच्या स्वागतासाठी निसर्गोद्यानातून निसर्ग झाडून काढला होता. बदाम नुकतेच न्हाव्याकडून आलेल्या पोरांसारखे दिसत होते. बाजूला काळ्या पिशव्यांचा ढीग.

मोडक सवयीनं बाकावर चढले आणि त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं. उतरून माळ्यांच्या मुकादमाकडे गेले.

‘भाई, ये पत्ता वापस डालने का है.’

‘पागल है क्या? अभी बड़ा साब, मुदीर आएगा, मेरा नौकरी खलास.’

‘तुम्हारा मुदीर फव्वारा देखेगा. हम उधर दीवार के पीछे डालेगा. जाने से पहले मैं खुद भर के देगा.’

‘इतना क्या जरूरी है?’

‘एक बच्ची कल जा रही है.’

‘वापस कब आएगी?’

‘नहीं आएगी.’

मुकादमानं जाकिटाकडे पाहिलं, मग मोडकांकडे. पहिली पिशवी त्यानंच उचलली.

भिंतीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही पिशव्या रिकाम्या केल्या. सावंतांनी गॉगल खिशात टाकला आणि बाह्या वर केल्या. गुडघाभर लाल ढीग झाला आणि पोरं त्यात कोसळली. थोड्या वेळानं सावंतवहिनी त्या पानांतच जाऊन बसल्या आणि तन्वीला जवळ घेऊन काहीतरी बोलल्या.

तन्वी मीराकडे गेली. ‘वी आर नॉट कमिंग बॅक.’

‘लाइक अवनी?’

तन्वीनं मान डोलावली.

‘बट यू टोल्ड मी,’ मीरा म्हणाली. मग दोघी रडल्या, आणि रडता रडता एकमेकींच्या फ्रॉकमध्ये पानं कोंबू लागल्या.

मोडक हातभर अंतरावर उभे होते. ते भिंतीच्या टोकापर्यंत गेले आणि फोन लावला. मला ऐकू आलं ते एवढंच: ‘अवू, मीरा आहे इथे. तुला तिला बाय म्हणू दिलं नव्हतं मी. आता बोलतेस?’

फोन मीराच्या हातात देऊन ते पिशव्या भरायला वळले. पलीकडे कारंजं सुरू झालं होतं आणि मुकादम ‘जल्दी, जल्दी’ करत होता. मी मदतीला वाकलो, तसा मोडकांनी माझा हात धरला.

‘सावकाश,’ ते म्हणाले. ‘बोलू दे त्यांना.’

आणि ढिगातलं एकेक पान उचलून पिशवीत टाकू लागले.