तंजावरच्या उन्हात हीटर

"उद्या या गाडीत जो बसेल, तो डोंगरावरसुद्धा घामानं निथळेल!" बाळकृष्णराव अंगणात उभे राहून गर्जले.

भर उन्हाळ्यातल्या चित्रै महिन्यातली तंजावरची दुपार. कावळेसुद्धा चोची वासून सावलीत बसलेले. इथे निथळायला गाडी कशाला हवी होती!

गाडी त्यांच्या लेकीहून, वरलक्ष्मीहून, दोन वर्षांनी मोठी. डोंगरावरच्या थंड कुन्नूरच्या कुठल्याशा चहामळ्यातून लिलावात आलेली, म्हणून तिला हीटर. राव पाहुण्यांना आधी हीटर दाखवत, मग पाणी विचारत. आता लेक त्याच कुन्नूरला कॉलेजात शिकवत होती, आणि सुट्टी संपली की गाडी तिच्याबरोबर वर जाणार होती. पण हीटर फुंकर घातल्यासारखा कोमट वारा सोडी.

"कां गे, तिथे थंडी वाजते ना तुला?"

"नाही अप्पा," वरलक्ष्मी पुस्तकातून मान न काढता म्हणाली. फोनवर रोज हाच प्रश्न, हेच उत्तर. हो म्हटलं असतं तर राव घोंगड्यांचं गाठोडं घेऊन पहिल्या बसनं वर गेले असते आणि तिच्या वर्गातच ते सोडून बसले असते!

रावांनी इंजिन तापवलं. इंजिनातून हीटरकडे दोन रबरी नळ्या जातात. त्यांनी एकीला हात लावला. कोमट!

"सापडला रोग! आत गंज बसलाय. समई चिंचेनं लखलखते, मग हीटर का नाही?"

"दुसरी नळी तरी बघा, भावोजी," सेतुराममामा ओसरीवरून म्हणाले.

"नाडी एकाच हाताची बघतात!"

वर्षाच्या चिंचेतली निम्मी नळ्यांत गेली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रिकामी बरणी घेऊन बाहेर आल्या तोवर गाडीतून फेस उसळला आणि गल्लीभर रसमचा वास सुटला. शेजारच्या नागलक्ष्मीबाई वाटी घेऊनच आल्या.

राव मात्र गाडीत हीटरच्या परीक्षेला बसले होते. काचा बंद, गळ्यात मफलर, डोळे मिटलेले, तोंड टोमॅटोसारखं लाल. नागलक्ष्मीबाईंनी काचेतून पाहिलं आणि वाटी टाकून टाहो फोडला, "अय्यो! राव गेले!"

गल्ली धावली. कुणी दार उघडलं, कुणी घागर ओतली. राव चिंब होऊन ओरडले, "गेलो नाही! तपासतोय!"

संध्याकाळी त्यांनी मुकाट दुसरी नळी धरली. तीही तितकीच कोमट. आत अडलं असतं तर एक तापली असती, दुसरी गार राहिली असती. म्हणजे गंज नव्हताच, इंजिनच पुरेसं तापत नव्हतं. मग आठवलं. इंजिन गरम राखणारा थर्मोस्टॅट एका उन्हाळ्यात काढून टाकला होता. कुणी? रावांनीच! "तंजावरात काय करायचाय?" असं तेव्हा मामांना ऐकवलंही होतं.

अंधार पडायच्या आत नवा थर्मोस्टॅट बसवून ते लेकीपुढे उभे राहिले. हात काळे, मफलर अजून ओला.

"चल, एक चक्कर मारू."

"उद्या, अप्पा. एवढं प्रकरण संपवते."

पहाटे राव झोपेतच गेले. नागलक्ष्मीबाईंनी या खेपेला तीनदा खात्री करून घेतली, मगच रडल्या.

तेरावं झाल्यावर मामांनी विषय काढला. "म्हातारी गाडी भंगारात देऊ. भावोजींच्या हीटरवर कोण भरवसा ठेवणार?"

वरलक्ष्मी इतक्या दिवसांत रडली नव्हती की भांडली नव्हती. सांत्वनाला आलेल्यांना ती "बसा, कॉफी घ्या" म्हणे. बायका आपसांत म्हणत, शिकलेल्या मुली अशाच! आज मात्र तिनं किल्ली उचलली.

"आधी तपासू. चालला तर गाडी माझ्याबरोबर जाईल. नाही चालला तर तुमचं खरं."

तेराव्यासाठी तिरुवैयारूहून आणलेलं भलंमोठं पितळी पातेलं परत करायचं होतंच. ते मांडीवर घेऊन मामा शेजारी बसले. गाव मागे पडलं, नारळाच्या बागा लागल्या. इंजिन तापलं, आणि पुढच्या जाळीतून अशी झळ आली की मामांच्या कपाळावरचं गंध नाकावर उतरलं!

"चालतोय! पटलं! आता बंद कर!"

तिनं हीटरचा दांडा ओढला. हलेना. तिनं वाकून पाहिलं. रावांनी तो 'गरम'च्या टोकाला नेऊन काथ्यानं करकचून बांधला होता, गाठीवर गाठ. वर चढताना हादऱ्यांनी मागे सरायला नको!

"अगे सोड ती गाठ! पातेलं तापलं! माझा वडा तळून निघेल!"

मामांनी काच खाली करायला मुठीला हिसका दिला. मूठ त्यांच्या हातात आली.

कावेरीच्या पुलाअलीकडे वरलक्ष्मीनं गाडी थांबवली. गाठ काही सोडली नाही. दोन्ही तळवे जाळीपुढे धरून बसली.

मामा मूठ उगारून ओरडले, "बघत काय बसलीस? या उन्हात थंडी वाजते की काय तुला?"

तिच्या हनुवटीवरून घाम टपटप गळत होता. मामांकडे न बघता, त्या गाठीकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली,

"वाजते, अप्पा. फार वाजते."