आतल्या चाकाची हवा

हवा ही कानानं ऐकायची गोष्ट नाही, मोजायची गोष्ट आहे, असं गुणवंतरावांचं ठाम मत होतं! मत तसं ताजंच होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी घरबसल्या मागवलेलं हवा मोजायचं मीटर आलं आणि त्याच दिवशी हे मत तयार झालं. तेव्हापासून राजुऱ्यात त्यांच्या गल्लीतून एकही सायकल हवा मोजल्याशिवाय सुटली नव्हती.

आज तर भाच्याचं, धम्मदीपचं, लग्न! वऱ्हाड मिनीबसनं गडचांदूरकडे निघालेलं, आणि मिनीबसला मागं एकेका बाजूला दोन-दोन चाकं जोडीनं! मिठाईच्या दुकानासमोरच्या पोरासारखी गुणवंतरावांची अवस्था झाली.

अर्ध्या वाटेत टपरीवर बस चहाला थांबली. ड्रायव्हर दसरूनं उतरून मागची चाकं दांडक्यानं ठोकली. ठण! ठण!

"हवा बरोबर हाय," दसरू म्हणाला आणि चहाकडे वळला.

"ए दसरू! टायर हाय का ढोलकी? बाहेरचं चाक बोलते, आतलं मुकं बसते! आतल्यात हवा नसली त सारा बोजा बाहेरच्यावर. फटाक! वऱ्हाड नालीत!"

"कालच पाह्यली ना भाऊ!"

"एका दिवसात मानसाचं लगन होऊन जाते, टायरची हवा नाई जात का?"

दसरूनं चहाचा ग्लास तोंडाला लावला.

आतल्या चाकाला हवा भरायचं तोंड गाठायचं, तर बाहेरच्या चाकाच्या लोखंडी ताटलीतल्या भोकातून हात घालावा लागतो. गुणवंतरावांनी नव्या सफारीची बाही वर सारली, रस्त्यातच बैठक मारली आणि मीटर बोटांत सरळ धरून हात आत घातला. फुस्स!

"लागलं!" ते ओरडले. मग हात बाहेर ओढला. हात येईना. पुन्हा ओढला. खांदा आला, हात तिथंच!

सगळं वऱ्हाड गोळा झालं. कोणी खोबरेल तेल ओतलं. कोणी नवरदेवाचं क्रीम चोपडलं. टपरीवाला तर भज्यांच्या कढईतलं तेल घेऊन धावला! ते उकळतं आहे हे गुणवंतरावांच्या बायकोनं, बायनाबाईंनी, वेळेवर पाहिलं म्हणून बरं!

"भाऊ, गाडी थोडी पुढं घेऊ का?" दसरूनं विचारलं.

"अन् मी का चाकासंगं गोल फिरू?"

नेमका तेव्हाच बायनाबाईंचा फोन वाजला. नवरीचे वडील बापूराव मांडवातून विचारत होते, वऱ्हाड कुठी हाय? रेंज येई-जाईची, त्यात मांडवातल्या लाउडस्पीकरचा गलका.

"अजी, यांचा हात अटकला!" बायनाबाई ओरडल्या.

"हार्ट अटॅक आला? कोनाले?"

"धम्मदीपच्या मामाले! रस्त्यावरच बसून हायेत! हलता नाई येत!"

"अरे बापा! शुद्धीवर हायेत ना?"

"काळेनिळे पडून राह्यले! टपरीजवळ..."

आणि फोन कटला.

हात थोडा सुटतो आहे असं दुसऱ्या तेलाच्या बाटलीनंतर सगळ्यांना वाटायला लागलं, तेवढ्यात समोरून एक पिकअप धुरळा उडवत आली. मागं गादी टाकलेली, उशी ठेवलेली. पुढं नवरीचा भाऊ अश्विन गाडी चालवत होता. आणि त्याच्या शेजारून लग्नाच्या पांढऱ्या साडीत, केसांत गजरा, हातात बीपीचं मशीन घेऊन साक्षात नवरी उतरली! नूतन सरकारी दवाखान्यात नर्स होती. मामेसासऱ्याला अटॅक आला म्हटल्यावर ती मांडवात कशी बसेल?

नवरदेव घाईघाईनं चेहऱ्यावरचा घाम पुसायला लागला, पण तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जयभीम मामाजी! छातीत दुखते का?"

गुणवंतरावांना हात जोडायचे होते. एकच वर आला. "जयभीम बाई. छाती बरी हाय. हात तेवढा..."

नूतननं मोकळ्या हाताला पट्टा गुंडाळला, फसफस हवा भरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "प्रेशर लय वाढलं."

"आतल्या चाकाचं?" दसरूनं विचारलं.

"मामाजींचं! मामाजी, आतल्या हाताची बोटं हलवून पाहा बरं."

"बोटं नाई हलत."

"मुंग्या आल्या का? मूठ उघडता येत नाई?"

"उघडता येते ना! पण उघडीन कशी? मीटर पडन!"

वऱ्हाडातली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

"मामाजी," नूतन अगदी हळू म्हणाली, "मीटर सोडा."

गुणवंतरावांनी डोळे मिटून मूठ उघडली. आत खळ्ळकन काहीतरी पडलं आणि तेलात न्हालेला हात सुळकन बाहेर आला!

टाळ्या पडल्या. पण दसरू वाकून आतल्या चाकाकडे पाहत होता. मुठीतलं मीटर इतका वेळ हवेच्या तोंडावर तिरपं दाबून धरलेलं, त्यातून सगळी हवा निघून गेलेली. चाक पापडासारखं चपटं!

आता बाहेरचं चाक काढल्याशिवाय आतलं निघणार नव्हतं. लग्नाची वेळ तर टळत चाललेली. शेवटी नवरीच नवरदेवाला घेऊन गेली! धम्मदीप पिकअपमध्ये मागं गादीवर बसला, वऱ्हाड त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभं राहिलं आणि गुणवंतराव पाना धरायला दसरूजवळ थांबले.

ते मांडवात पोचले तेव्हा लग्न लागून पंगती बसल्या होत्या. नूतननं घरच्यांना खरं काहीच सांगितलं नव्हतं. नव्या मामेसासऱ्यांची लाज तिनं राखली होती आणि अश्विनला नि वऱ्हाडालाही डोळ्यांनीच गप्प केलं होतं. त्यामुळे गुणवंतरावांना पाहताच सारा मांडव उठून उभा राहिला. कोणी खुर्ची दिली, कोणी पंखा फिरवला.

"कसं वाटते आता?" बापूरावांनी काळजीनं विचारलं. "अटॅक मोठा होता का जी?"

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. खरं काय ते जिभेवर आलं, पण ओठांशी अडकलं. त्यांनी हळूच छातीवर हात ठेवला.

"लहानसाच होता."

"अरे, मग हे काय वाढून राह्यले?" बापूराव वाढप्यांवर कडाडले. "मामाजींची जिलेबी उचला! भजे उचला! बिनमिठाचं वरण आना!"

गुणवंतराव मुकाट्यानं वरण-भात कालवायला लागले. बायनाबाई शेजारून वाकल्या.

"सांगू का खरं?"

"काई सांगू नको. लोणचं सरकव."

"लोणच्यात मीठ असते, जी," बायनाबाई म्हणाल्या आणि त्यांची जिलेबी स्वतःच्या ताटात घेतली.