आधी सगळा लोड बाहेर काढ!

विजेचं कुठलंही काम सांगा, मी डोळे मिटून करतो! नोकरीच विजेच्या ऑफिसात आहे माझी. बिलांच्या विभागात आहे हे खरं, पण शेवटी वीज ती वीजच. घरची इस्त्री, मिक्सर, शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा, सगळं मी स्वतः उघडलेलं आहे. त्यातलं पुन्हा काय काय चालू झालं हा वेगळा विषय आहे, आणि तो माझी बायको नीता माझ्यापेक्षा चवीने सांगते.

तर माझ्या मेहुणीचं, मितालीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा विश्वजीत, दादरचा, बँकेतला. दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलेलं. उरला होता फक्त त्याच्या आईचा, अरुंधतीबाईंचा होकार. त्या ऐन मे महिन्यात आमच्याकडे नवीन पनवेलला यायच्या होत्या आणि फोनवर म्हणाल्या होत्या, "मला उकाडा अजिबात सहन होत नाही हो! डोकं उठतं, आणि मग मी काय बोलते ते माझं मलाच कळत नाही."

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात तिथे पापड भाजायला गॅस लागत नाही.

"त्यांचं डोकं उठलं आणि नाही म्हणाल्या तर?" नीता रडकुंडीला आली.

"एसीत बसवू त्यांना!"

"कुठे आहे एसी?"

"बोटीवर!"

उलव्याच्या हरेश कोळ्याने लिलावात एक जुनी लाँच घेतली होती. ती पनवेलच्या खाडीत बांधलेली असे. आत छानपैकी केबिन आणि केबिनला चक्क एसी! फक्त लाँचचं इंजिन दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं, त्यामुळे वीज नव्हती.

"सायेब, एसी लय भारी हाय," हरेश म्हणाला, "पन लाइट कुठून आनाल?"

"मांडववाल्याचा छोटा जनरेटर आणतो. गणपतीत अख्खी आरास ओढतो तो! तुझा एसी म्हणजे किस झाड की पत्ती!"

मिताली हळूच म्हणाली, "भाऊजी, घरीच बसलो तर? मी वाळ्याचं सरबत करते." मी हसलो. आज वाटतं, त्या पोरीचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी मंडळी आली. केबिनमध्ये गादी, पांढरीशुभ्र चादर, भिंतीला टेकून लोड आणि तक्के. अरुंधतीबाई चांगल्या भारदस्त बाई. त्या लोडाला टेकून बसल्या आणि नीताने कोथिंबीर वड्यांची बशी पुढे केली. मी बाहेर डेकवर जनरेटरची दोरी ओढली. फटफटफट! दिवा लागला, पंखा फिरला, कोपऱ्यातला फ्रीज गुरगुरला. अरुंधतीबाई गोड हसल्या!

"विश्वजीतराव, दाबा एसीचं बटण!"

एसी कण्हला, जनरेटरला उचकी लागली आणि सगळं ठप्प. पुन्हा दोरी, पुन्हा बटण, पुन्हा ठप्प. केबिनच्या खिडक्या एसीसाठी पक्क्या बंद केलेल्या. आत अरुंधतीबाईंचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला आणि मिताली त्यांना बशीने वारा घालू लागली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवा, पंखा, फ्रीज आधीच चालू, त्यावर एसी! ते सगळं आधी बंद करायला हवं. हरेश केबिनच्या दारातच होता. मी जनरेटरवर वाकून ओरडलो, "हरेश, लोड जास्त होतोय! आधी सगळा लोड काढ!"

"आताच काढू? पावनी टेकून बसलीत!"

"बसू दे त्यांना! तू काढ! एसी चालू झाला की परत लावू!"

आतून "अगं बाई गं!" अशी किंकाळी आली. मला वाटलं, अंधाराला घाबरल्या असतील. मी दोरी ओढली. उचकी. ठप्प.

"लोड काढलास ना?"

"काढला! भायेर आनून ठेवलाय!"

'बाहेर आणून ठेवलाय' यावर कुठल्याही शहाण्या माणसाने मागे वळून पाहिलं असतं. मी पाहिलं नाही. मी पुन्हा दोरी ओढली आणि गरजलो, "मग अजून कसला लोड आहे आत? जो सगळ्यात मोठा आहे ना, तो आधी बाहेर घे!"

आत हरेशने चारी बाजूंना पाहिलं. लोड एकही उरला नव्हता. मग तो अरुंधतीबाईंना अदबीने म्हणाला, "मावशी, सायेब बोलतान, तुमी भायेर या."

हे मला काहीच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात नीता धावत बाहेर आली. "अहो, काय चाललंय काय?"

जनरेटरच्या फटफटाटात मी घसा फोडून समजावलं, "अगं, दोष तिचाच आहे! ती सुरुवातीलाच तिप्पट ओढते!" इथे जनरेटर बंद पडला. माझा आवाज मात्र चालूच राहिला. "एकदा मनासारखं मिळालं की मग बसते गपगुमान!"

केबिनच्या दारात अरुंधतीबाई उभ्या होत्या. हातात वड्यांची दुसरी बशी.

"कोण तिप्पट ओढते?"

"मो... मोटर!"

"माझ्याकडे मोटर नाही. मी एसटीने आले."

"सायेब," हरेश मागून म्हणाला, "आता आत येक बी लोड नाय!"

तेव्हा कुठे मी मागे वळलो. डेकवर लोडांचा ढीग! त्यातला एक जनरेटरच्या गरम नळीला टेकून धुमसत होता. मी तो उचलून खाडीत फेकला, पण धूर व्हायचा तेवढा झालाच. मितालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते काही नुसत्या धुराचं नव्हतं. माझ्या फुशारकीपायी पोरीचं जमलेलं लग्न मोडत होतं.

अरुंधतीबाई डेकवरच्या लोडांच्या ढिगावर मटकन बसल्या. मितालीने पळत जाऊन पाणी आणलं आणि पदर ओला करून त्यांच्या कपाळाला लावला. खाडीवरून वारा सुटला होता. त्यांनी डोळे मिटले, उघडले, उरलेली वडी खाल्ली.

"इथे किती बरं वाटतंय! आधीच बाहेर का नाही बसलो आपण?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मुलगी मला पसंत आहे," त्या म्हणाल्या. मितालीचा हात धरला, मग माझ्याकडे बोट केलं. "फक्त एक सांगा. हे गृहस्थ हिच्या रक्ताच्या नात्यातले नाहीत ना?"

"छे हो!" नीता आनंदाने ओरडली. "रक्ताचे कुठले! माझे नुसते मिस्टर आहेत ते!"

"मग माझी काही हरकत नाही."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा टाकला. पान्हा नि पक्कड गोळा करून घरी निघालो तेव्हा कुठे त्या प्रश्नाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला.