जुन्या पेस्टची रीतसर विल्हेवाट

या जगात ज्याचा ताप त्यानेच सोसायचा असतो. पण तो वाहून नेणारं कुणी मध्ये असलं, तर जीव तगतो. आमच्या जन्मनोंदणी कार्यालयातल्या एकुलत्या एक संगणकात हे पुण्यकर्म एक करडी पेस्ट करत असे. प्रोसेसर आणि वरचा पंखा यांच्यामध्ये ती अकरा वर्षं निमूट बसली. मग वाळून तिचा खडू झाला, आणि संगणक तापून दर एकोणीस मिनिटांनी बंद पडू लागला.

कार्यालय डगमगलं नाही. सगळं काम एकोणीस मिनिटांत बसवलं. नवी नोंद: नऊ मिनिटं. नावातली दुरुस्ती: सतरा. पाच वर्षांपलीकडची नोंद शोधायला मात्र चोवीस लागत. म्हणून पाच वर्षांवरच्या मुलांनी आपण जन्मल्याचा आग्रह धरू नये, अशी नम्र सूचना दारावर लावली. (बहुतेकांनी समजून घेतलं. माणसं मुळात चांगलीच असतात.)

एका आजीबाईंनी समजून घेतलं नाही. त्यांची नात सहा वर्षांची होती, आणि चारच्या आत दाखला पोचला नाही तर शाळेतली जागा जाणार होती.

"अहो ताई, ती बघा, बाकावर पाय हलवत बसलीय," त्या मला म्हणाल्या. "जन्मलीच नसती तर एवढा पिच्छा पुरवला असता का तिनं माझा?"

मुद्दा बिनतोड होता, पण पुरावा तोंडी होता.

सुदैवाने त्याच दुपारी दुरुस्तीवाला आला. (बोलावून सातच महिने झाले होते.) त्याने पेटी उघडून पाहिलं. "स्पिरिट, कापूस, दहा मिनिटं. जुनी पुसतो, नवी लावतो."

"पुसलेली जाते कुठे?" साहेबांनी विचारलं.

"कापसाला."

"म्हणजे सरकारी वस्तू कापसाला जाते."

तेव्हा पेस्ट दोन साक्षीदारांसमक्ष पुसण्यात आली. कापसाचे सहा बोळे मोजून पाकिटात घातले, पाकिटाला लाख लावली. प्रोसेसर इतका लख्ख निघाला की साहेबांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि ते काही क्षण अंतर्मुख झाले. नवी नळी भांडारात होती. जुनी जमा झाल्याची नोंद संगणकात झाल्याशिवाय भांडार नवी देत नाही, आणि नवी लावल्याशिवाय संगणक चालू होत नाही.

"व्यवस्था निर्दोष आहे," साहेब म्हणाले आणि जेवायला गेले. तीन वाजायला आले होते.

आजीबाई नातीची वेणी सोडून पुन्हा घालू लागल्या.

दुरुस्तीवाल्याने खिशातून नळी काढली. "माझी आहे. वाटाण्याएवढी पुरते."

सार्वजनिक प्रोसेसरला खाजगी पेस्ट चालत नाही, हे मी त्याला हळू आवाजात सांगितलं.

"मग जरा तिकडे बघा ना, ताई."

मी तिकडे बघितलं. (तिकडे भिंत होती. बराच वेळ बघण्यासारखी.)

संगणक सुरू झाला. एकोणीस मिनिटं झाली, वीस झाली. आजीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. चोविसाव्या मिनिटाला दाखला छापून आला. शाळा दहा मिनिटांवर. नात पुढे, आजी मागे, दोघी पळत सुटल्या. शिपायाने नंतर चौकशी करून सांगितलं, की जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी एक तक्रार आली. रांगेत अकरा जण होते, त्यांतल्याच कुणाची. 'आजीबाईंच्या आधी माझा नंबर होता. शिवाय पेस्ट खाजगी होती. नियम सर्वांना सारखे असावेत.' त्यावरून दुरुस्तीवाल्याचं नाव कार्यालयाच्या मान्य यादीतून रीतसर काढण्यात आलं.

तक्रारीखाली नाव नाही. अक्षर मात्र वळणदार आहे, चार पुस्तकं वाचणाऱ्याचं. कुणाबद्दल वाईट मनात आणायचं नाही असा माझा रोजचा नेम आहे, म्हणून नाव विचारत नाही. आपण हे वाचतच आहात, तर सांगते: आपला दाखला तयार आहे, सवडीने कधीही घेऊन जावा. संगणक आता दिवसभर चालतो.